दार उघडेपर्यंत

नाशिकजवळ ओझरला चाकं टेकली न टेकली तोच अर्धं विमान उभं राहिलं. डोक्यावरचे कप्पे उघडले, बॅगा खाली आल्या, कुणाची कुणाच्या खांद्यावर. विमान अजून धावतच होतं. एसटीत निदान कंडक्टर तरी खेकसतो. इथं ती बिचारी हवाई सुंदरी नुसती 'प्लीज, प्लीज' करत होती. ऐकतंय कोण!

मनीषा सव्विसाव्या रांगेत, मधल्या सीटवर. बंगळूरहून निघाल्यापासून पुढच्या गृहस्थानं सीट मागं पाडून तिच्या मांडीवर आणून ठेवली होती. शेजारच्यानं बूट काढून पाय पसरले होते आणि मोबाईलवरचे व्हिडिओ साऱ्या विमानाला ऐकवले होते. तिनं ब्र काढला नव्हता. तिचा जीव सायखेड्याला, वडिलांपाशी होता. दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं होतं. दोन दिवस अण्णांना घरघर लागली होती, आणि घरातले सगळे एकच म्हणत होते, लेकीत जीव अडकलाय.

विमान थांबलं तसा तिच्या भावाचा, गोरक्षचा फोन आला. "ताई, लय हाल चाललेत गं त्यांचे. दाराकडंच बघू राह्यले. ये लवकर."

ती उठली, वाट मागू लागली. वडील जायला टेकलेत, मला पुढं सोडा, म्हणाली. हवाई सुंदरीनंही माइकवरून विनवलं, आधी इंग्रजीत, मग हिंदीत. निम्म्यांच्या कानात इअरफोन, उरलेल्यांचं लक्ष बॅगांत. माणसं काही वाईट नव्हती हो. नुसती हलत नव्हती. पुढचा तोच गृहस्थ ट्रॉली बॅग आडवी धरून उभा होता. वळूनही न बघता म्हणाला, "सगळ्यांनाच घाई आहे, मॅडम."

दार तर अजून उघडलंच नव्हतं. शिडी यायची होती.

फोन चालूच होता. त्यातून ती घरघर ऐकू येत होती. मनीषाला संताप आला, रडू आलं, आणि दोन्हींचा काडीचा उपयोग नव्हता. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गोरक्षला सांगितलं, फोन अण्णांच्या कानाला लाव.

"अण्णा, आले मी," ती मोठ्यानं म्हणाली. "तुमच्या उशाशीच बसलेय. आता कुणाची वाट बघू नका."

आसपासची माणसं वळून बघू लागली. फोनमधली घरघर हळूहळू मंदावली. मग थांबली. मग गोरक्षचा हुंदका ऐकू आला.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. ट्रॉली बॅगवाल्यानं बॅग उचलून छातीशी धरली, पुढच्या दोघांना बाजूला सारलं आणि अंग चोरून वाट करून दिली. "जा ताई, आधी तुम्ही जा," तो खालमानेनं म्हणाला.

मनीषा सीटवर बसली.

"जाऊ द्या सगळ्यांना," ती म्हणाली. "मी पोहोचले."