रेडिओचं आमेन

“आमेन,” रेडिओ म्हणाला, आणि खोलीतल्या सगळ्यांनी डोळे पुसले.

त्याला खरं तर सांगायचं होतं की उशी सरकली आहे आणि मान अवघडली आहे.

रेडिओ हे त्याचं सलूनमधलं नाव. गालावर वस्तरा टेकलेलं गिऱ्हाईक बिचारं बोलणार काय! त्यामुळे हा एकटाच बोलायचा, तो दुकान बंद होईपर्यंत. चर्चला मात्र त्याचा दुरूनच नमस्कार. घरी बायकोची जेवणाआधीची प्रार्थना लांबली, की ताट गार होतंय म्हणून हा मधेच “आमेन” म्हणून घास उचलायचा. ती डोळे वटारायची, हा हसायचा.

मग झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. सगळे शब्द गेले आणि राहिला तो नेमका थट्टेतला. रेडिओ एकाच स्टेशनवर अडकला.

पाणी हवंय, आमेन. नाकावर माशी बसलीय, आमेन. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, हळूहळू बाकीचे शब्दही येतील कदाचित. बायको म्हणाली, नास्तिकाच्या तोंडात देवाने आपला शब्द ठेवला. झालं! दर रविवारी उपासना आटोपली की चर्चची मंडळी थेट त्याच्या खाटेशी यायची. पाळकसाहेब कपाळावर हात ठेवून त्याच्या बरं होण्यासाठी प्रार्थना करायचे. मग कुणी आपला गुडघा पुढे करायचं, कुणी सुनेचं अवघडलेलं बाळंतपण सांगायचं. रेडिओ मनातल्या मनात चार शिव्या हासडायचा आणि बाहेर आशीर्वाद पडायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तरी गडी हुशार. त्याने यातूनही युक्ती काढली. बायको विचारायची, “चहा देऊ, की दूध?” तिने ‘चहा’ म्हणताक्षणी आमेन म्हणून टाकायचं, ही ती युक्ती. पण जीभ जड. आमेन नेमकं दुधावर पडायचं आणि तो निमूट दूध प्यायचा.

पुढे बायकोच्या छातीत गाठ निघाली, आणि युक्त्या सुचायच्या बंद झाल्या.

डॉक्टरांनी तिला मोठ्या रुग्णालयात जाऊन लगेच तपासून घ्यायला सांगितलं होतं. आत्ता कळलं तर बरं होण्यासारखं आहे, हेही सांगितलं होतं. बायको ढिम्म.

“यांना ज्याने वाचवलं, तो मला वाऱ्यावर सोडेल होय?”

“अहो बाई, डॉक्टरही त्यानेच घडवलेत,” पाळकसाहेब म्हणाले. “औषध घ्या, प्रार्थना आम्ही करतोच.”

“तुमचाच विश्वास कमी पडतोय, पाळकसाहेब.”

ती रेडिओची कूस बदलायला वाकली, की ओठ दाबून कळ गिळायची. ते फक्त त्याला दिसायचं. त्याला फार भीती वाटायची, आणि भीती कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

एका दुपारी ती स्वयंपाकघरात असताना त्याने आयुष्यातली पहिली खरी प्रार्थना केली. मला चालायला नको, हात नको. हिला सांगता येईल एवढं फक्त बोलू दे. एवढंच त्याने मागितलं, आणि लहान मुलासारखा रडला.

सोमवारी सकाळी मेहुणी गाडी घेऊन दारात उभी राहिली. सोबत पाळकसाहेबही होते.

“ताई, नाटकं पुरे आता. मी वेळ ठरवून आलेय. चल.”

कोण जाणे कशी, पण बायको नरमली. तिने लुगडं बदललं, चपला घातल्या, पिशवी भरून मेहुणीच्या हातात दिली. उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत खाटेशी आली.

“अहो, हे सगळे म्हणतात म्हणून निघालेय. पण तुमच्या तोंडून देव बोलतो. तुम्ही सांगाल तसं. जाऊ ना?”

आणि ती थांबली. पुढे ‘की’ नाही, दुसरं काही नाही. रेडिओला आनंदाने धाप लागली. इतकं सोपं! रोजचाच शब्द, आणि आज तो नेमका जागेवर पडणार होता. त्याने सगळा जीव जिभेत गोळा केला.

“डॉक्टरकडे जा,” तो म्हणाला. “आत्ताच्या आत्ता जा.”

मेहुणीच्या हातातली पिशवी खाली पडली. पाळकसाहेबांनी गुडघे टेकले. रेडिओला स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. त्याचं ऐकलं होतं कुणीतरी!

बायकोने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

“बोललात! नुसत्या प्रार्थनेने बोललात तुम्ही!” तिने पायातल्या चपला काढून कोपऱ्यात सरकवल्या आणि बहिणीकडे वळून म्हणाली, “गाडी परत पाठव गं. आता कसला आलाय डॉक्टर!”