किल्लीकाकांची दोन चित्रं

मुलांनो, एका चौकाची कल्पना करा. सकाळची शाळेची वेळ. माणसांचं कडं झालं आहे आणि कड्याच्या मधोमध किल्लीकाका उभे आहेत. त्यांची कॉलर एका शिपायाच्या मुठीत आहे. ओढाताणीत त्यांच्या एका पायातला बूट निघून गेला आहे. कड्याच्या आत आणखी एकच जण आहे, पाठीला दप्तर लावलेली छोटी छबू. तुम्ही तिच्या शेजारी येऊन उभे राहा.

समोरच्या भिंतीवर एक पोस्टर आहे. ते युद्धाचे दिवस होते. घरोघरी रेडिओ नव्हता, म्हणून सरकारला लोकांना काही सांगायचं असलं की ते भिंतींवरून सांगायचं. या पोस्टरवर माणसाचा भला मोठा चेहरा होता. बारीक डोळे, खाली ओढलेले ओठ, हनुवटीखालून आलेला हिरवट उजेड, बाहेर आलेले कान. खाली लिहिलं होतं, ‘शत्रू तुमच्यातच राहतो. त्याला ओळखा.’

हे पोस्टर छबूच्या बाबांनी काढलं होतं. पोस्टरं छापणाऱ्या छापखान्यात ते चित्रकार होते. शत्रूचा चेहरा हवा, असा हुकूम सकाळी आला आणि चित्र संध्याकाळी हवं होतं. आता शत्रू कुणी पाहिलाय? बाबांनी जुन्या पोस्टरचा पातळ कागदावरचा आराखडा बाहेर काढला. कागद उलटा केला. भुवया खाली आणल्या. डोक्यावरचं शिरस्त्राण पुसलं आणि उजेड वरून होता तो खालून टाकला. झाला शत्रू तयार.

जुनं पोस्टर होतं शूर सैनिकाचं. त्यासाठी छबूच्या घराखालच्या मजल्यावरचे किल्लीकाका डोक्यावर पत्र्याचा टोप घालून दोन दिवस दुपारभर स्टुलावर बसले होते. कुलपं दुरुस्त करणारा, किल्ल्या घासून देणारा साधा माणूस. “लढाई परवडली रे बाबा, पण हे तुझं स्टूल नको!” असं म्हणून ते छबूला हसवायचे. तो सैनिक चौकाच्या दुसऱ्या भिंतीवर अजून होता. टोपाखाली ते बाहेर आलेले कान झाकलेले, त्यामुळे त्याच्यात काकांना कुणी ओळखलं नव्हतं.

नव्या चित्रात कान उघडे होते. शाळेत जाताना ते पाहून छबूने टाळ्याच पिटल्या.

“अय्या! आपले किल्लीकाका! बघा ना, आमच्या बाबांनी काढलेत!”

भाजी घेणाऱ्या एका बाईने पोस्टरकडे पाहिलं. मग कोपऱ्यावरच्या किल्ल्यांच्या दुकानाकडे पाहिलं.

“अगं बाई, खरंच की! आणि साऱ्या गल्लीची कुलपं याच्याच हाताखालून जातात!”

एवढं पुरलं. काकांना दुकानातून ओढून आणलं, शिपाई आला, मागोमाग त्याचे साहेब आले. काका अजून हसतच होते. “अहो साहेब, त्या चित्रकाराला विचारा. स्टुलावर बसवून बसवून त्यानेच माझी मान मोडली. कसला शत्रू घेऊन बसलात!”

बाबांना छापखान्यातून आणलं. बोटांना शाई तशीच होती. छबूने त्यांचा सदरा ओढला.

“बाबा, सांगा ना यांना. तो सैनिकपण काकाच आहेत. दोन्ही काकाच आहेत!”

गर्दी वळली. माना या भिंतीवरून त्या भिंतीवर गेल्या. साहेबांचीही गेली. आता नीट लक्ष द्या. बाबा ‘हो’ म्हणाले असते, तर काका घरी जाऊन चहा पीत बसले असते. पण सरकारचा वीर आणि सरकारचा शत्रू एकाच माणसाचा चेहरा घालून उभे आहेत, हे भर चौकात उघडं पडलं असतं. मग शिपायाच्या मुठीत बाबांची कॉलर आली असती.

“कुणावरून काढलंस हे?” साहेबांनी विचारलं.

बाबांनी शाईची बोटं सदऱ्याला पुसली.

“फोटो वरून आला होता, साहेब. त्याच्यावरून काढलं.”

वरून म्हणजे कुठून, हे त्या दिवसांत कुणी विचारत नसे. साहेबांनीही विचारलं नाही.

“आणि सैनिक?”

“तो मनाने काढला. पोरगी लहान आहे साहेब, काहीही बरळते.”

काकांचं हसू तेव्हा थांबलं. “अरे, काय बोलतोस तू?” ते हळूच म्हणाले. “छबूला अंगाखांद्यावर खेळवलं रे मी.”

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. साहेबांनी शिपायाला मान हलवून खूण केली. शिपायाने मूठ सोडली आणि तो दोन पावलं मागे सरला. गर्दी पुढे आली. पुढे काय झालं ते मी तुम्हाला सांगणार नाही. छबूला मात्र डोळे मिटून घे असं कुणीच सांगितलं नाही.

गर्दी मागे हटली तेव्हा साहेब छबूसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी तिच्या गालावर थोपटलं.

“शाबास, पोरी! एवढ्या मोठ्या माणसांना दिसलं नाही, ते तुला दिसलं. बोल, आणखी आहे का इथे कुणी शत्रू?”

लोक कौतुकाने हसले. बाबाही हसले. हसणं भागच होतं.

छबूने दप्तराचा पट्टा खांद्यावर सारखा केला. मग हात उचलून तिने बाबांकडे बोट दाखवलं.