पितळेचा कीस

उद्या वास्तुशांत, आणि पितळी पत्रा एकच. त्यावर घराचं नाव आखून नवरा अडला होता. हॅक्सॉचं रुंद पातं वळणावर वळेना. ग्राइंडर लावला असता तर वेलांट्याच उडाल्या असत्या.

"सरका बघू," म्हणत बायकोनं तिच्या सोनार वडिलांची छोटी करवत काढली. केसाएवढं पातं. मांडीवर फडकं पसरून तिनं पात्याला मेण लावलं आणि जराही जोर न लावता कापायला घेतलं. त्यानं पंचवीस वर्षं पोळ्या लाटताना पाहिलेला तो हात एकाही वळणावर अडला नाही. शिरोरेषेला धरून अख्खं नाव सुटून आलं.

तिनं फडक्यावरचा कीस कण न् कण टिपून पुडीत बांधला.

"अगं, पितळ आहे ते!"

"मला माहितीय," ती हसली. "हाताला कोण सांगणार?"