बारीक गोळी

“गोळी निशाणावरच्या वर्तुळाच्या रेघेला नुसती शिवली, तरी वरचा गुण.” ठासणीची बंदूक शिकवणाऱ्या उस्तादांचा हा आवाज दयारामच्या कानात अजून होता. त्याची गोळी बारीक. तिचं भोक आजही रेघेच्या अलीकडेच थांबलं. यशवंतरावांचा नेम तेवढाच, मात्र जाड गोळीच्या भोकानं रेघ गाठली अन् एका गुणानं ते जिंकले. रायपूरच्या त्या रेंजवर ठासणीवाले हे दोघेच उरले होते. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला घरी नेऊन पोहे खाऊ घालायचे, ही त्यांची जुनी रीत. “दरवेळी हरतं तू. मोठ्या नळीची बंदूक काहून घेत नाही बे, कंजूस?” यशवंतरावांनी हसत विचारलं. दयाराम गजानं नळी पुसत राहिला. बायको गेल्यापासून समता कॉलनीतल्या त्याच्या घराची कडी एरवी वाराच वाजवायचा. तो शेवटी म्हणाला, “मी जिंकलो, त माह्या घरी कोन येईन, भाऊ?”