सहाव्या दुकानातला कोट

दुसरी बसही न थांबता निघून गेली, तेव्हा भोंग्याने थांब्यावरच्या खांबाला एक सणसणीत लाथ हाणली आणि मग स्वतःचाच अंगठा धरून ती नाचली.

“खांबाने काय घोडं मारलंय तुझं?” आई म्हणाली.

भोंगा हे लेकीचं घरातलं नाव. आवाजच तसा होता. त्या आवाजाच्या जोरावर तर बाईंनी तिला शाळेच्या बँडची म्होरकी केलं होतं. सुट्टी संपत आली होती. सोमवारी निळा कोट घालून तिला सगळ्यांच्या पुढे चालायचं होतं. कोट ज्याचा त्याने आणायचा होता, आणि आईला रजा मिळाली होती ती आजची एकच.

तिसऱ्या बसमध्ये उभं राहण्यापुरती जागा मिळाली. एका काकांची पिशवी भोंग्याच्या बरगडीत आणि कोपर कानाशी.

“तूच शिवला असतास तर हे झालंच नसतं,” ती पुटपुटली. भोंगा पुटपुटली म्हणजे निम्म्या बसने ऐकलं.

“अख्खा कोट मला नाही येत गं.”

“अकरा वर्षं शिलाईच्या कारखान्यात जातेस, आणि येत नाही? मी वर्गात सांगून बसलेय, माझी आई कोट शिवते म्हणून. बँडमधली ती ढोलवाली म्हणतेय, मग सोमवारी तिच्याच हातचा घालून ये, बघू तरी. आता काय सांगू तिला?”

आई नुसती खिडकीबाहेर बघत राहिली.

शहरात मुंगीलाही वाट मिळेना. पहिल्या दुकानातला कोट भोंग्याला अगदी मापात बसला. आईने तो काढायला लावला, उलटा केला, आत हात घातला.

“नको.”

“अगं, का?”

“नको म्हटलं ना.”

दुसऱ्या दुकानातही तेच. तिसऱ्यातला माणूस वैतागला. “ताई, कोट घ्यायचाय की त्याची झडती?”

“दोन्ही,” आई म्हणाली आणि बाहेर पडली.

चौथ्या दुकानात तिने नुसतं नाक मुरडलं. पाचव्यात सात कोट उलटेपालटे करून ढीग घातला. भोंगा आरशामागे तोंड लपवून उभी होती.

“आई, लोक बघतायत! आणि शेवटची बस सहाची आहे. मी सोमवारी काय स्वेटर घालून जाऊ?”

“बघू देत लोक. चल, त्या समोरच्यात.”

समोरचं दुकान काचेचं, गारेगार. तिथल्या विक्रेतीने आधी आईच्या चपला बघितल्या. “आमच्याकडचे जरा भारीतले असतात हं, मावशी.”

“असू देत. निळा दाखवा. हिच्या मापाचा.”

आईने कोट उलटा केला. हात आत गेला आणि तिथेच थांबला. बराच वेळ.

“घाल,” ती म्हणाली. “हात वर कर. फिर. आता चालून दाखव, बँडच्या पुढे चालशील तशी.”

भोंगा चालली. मान ताठ, पावलं टपाटप. दोन गिऱ्हाइकं आपोआप बाजूला झाली. आईने तिला पुन्हा चालायला लावलं. मग आणखी एकदा.

“हाच द्या.”

घासाघीस नाही, काही नाही. आणि ही भाजीवालीशी अर्धा तास हुज्जत घालणारी आई! भोंग्याचा आ वासलेलाच राहिला.

विक्रेतीचा सूर बदलला. “पारख आहे हं तुम्हाला. हीच कंपनी शोधत होतात वाटतं?”

“कंपनी मला कुठली माहीत?” आईने भोंग्याच्या खांद्यावरून हात फिरवला. “ही डावी बाही माझी आहे, आतला टाका ओळखला मी. आमच्याकडे एकीने एकच भाग शिवायचा. मग गाडी येते, सगळं जोडणीला दुसरीकडे जातं. अकरा वर्षं डाव्या बाह्याच शिवतेय मी. त्यांचा कोट झालेला आज पहिल्यांदा बघितला.”