समप्लेस

"नीट टेकून बसा, लाजू नका," सुंदरराव म्हणाले, तसा अंगद आणखीच आखडला.

बीडच्या या स्पोकन इंग्लिश क्लासात मास्तरची जागा आहे, असं रामहरीमामानं सांगितलं होतं. याआधी चार मुलाखतींत अंगदची दांडी उडाली होती. 'नोकरी लागल्याबिगर पोरगी बघायला येणार न्हाई,' असं त्यानं घरात ठणकावलं होतं आणि वय तर तिशीला टेकलं होतं. ही जागा मिळायलाच हवी होती. उमापूरहून मामाही सोबत आला होता, कडक इस्त्रीचा सदरा घालून.

सुंदररावांनी आधी तंबाखूचं विचारलं.

"सुपारीसुदीक न्हाई," अंगद म्हणाला.

मग शेती किती, ते विचारलं. सुगीत रजा मागणारा मास्तर यांना परवडत नसणार, हे अंगदला पटलं. मग फळ्यापर्यंत चालत जाऊन नाव लिहायला लावलं. त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं. आतल्या दाराचा पडदा हलला.

"क्लास आमची विजयमालाच चालवती," सुंदरराव म्हणाले. "आता ती इचारील."

विजयमाला समोर येऊन बसली. "समप्लेस म्हणजे काय?"

"कुठंतरी. समव्हेअरचा सख्खा भाऊच, पण घरच्या कपड्यातला. बोलताना चालतो, अर्जात लिहू नये."

"म्हणजे चूकच ना?"

"चूक कावून? अमेरिकेत सर्रास बोलतात. माणूस घरात लुंगीवर बसला म्हणून वाईट असतो व्हय?"

तिनं हसू दाबलं. "वाक्यात उपयोग करा."

"लेट्स गो समप्लेस क्वाएट."

"म्हणजे नेमकं कुठं?"

"बसस्टँड सोडून कुठंबी."

आता मात्र ती खळखळून हसली आणि वडिलांकडे पाहून तिनं मान डोलावली. मामानं सुटकेचा नि:श्वास सोडला.

पगाराचं कोणीच काढलं नाही. मोठी माणसं पहिल्याच भेटीत असलं बोलत नसतील, अशी अंगदनं मनाची समजूत घातली. त्याला फार आनंद झाला होता. जन्मात पहिल्यांदा त्याचं इंग्रजी कामाला आलं होतं.

"मग सर," त्यानं अदबीनं विचारलं, "मी कधीपास्नं येऊ?"

सुंदररावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली.

"बारा मेला या," ते म्हणाले. "वऱ्हाड किती माणसांचं आणणार, तेवढं मामाला इचारून सांगा."