सगळी सारखीच घाण

कोल्हिणीने पिल्लाला पुन्हा पंजाने ढकललं, आणि फटीतून बघणाऱ्या, पिल्लांची देखभाल करणाऱ्या ठमीचा जीव कासावीस झाला.

पिल्लाची खरी आई दुसरी कोल्हीण, बाप कुणी भटका कुत्रा. आई गाडीखाली गेली, म्हणून ते या जखमी प्राण्यांच्या केंद्रात आलं. इथल्या लेकुरवाळ्या कोल्हिणीने जवळ घेतलं तर आई मिळेल, नाहीतर जन्मभर एकट्याने पिंजऱ्यात. तिच्यासारखा वास यावा म्हणून ठमीने त्याला तिच्या बिळातल्या गवतात घोळवून काढलं होतं. छे! बाईसाहेब ढिम्म.

“ना इकडचं ना तिकडचं,” डॉक्टर म्हणाले.

हे तर ठमी लहानपणापासून ऐकत आली होती. तिचे आईबाबा वेगळ्या वंशांचे, वेगळ्या धर्मांचे. एका आजीकडे जाताना ती केस घट्ट बांधायची, दुसरीकडे मोकळे सोडायची. तरी एक म्हणायची, “नाक त्यांच्यावर गेलंय.” दुसरी म्हणायची, “केस त्यांच्यावर.” आईबाबांच्या लग्नापासून दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. आज ठमीच्या वाढदिवसाला दोघी येणार होत्या, आणि दोघींनी आधीच एकेक शाल पाठवली होती. कुठली पांघरायची? सकाळपासून तिच्या डोक्याचा भुगा झाला होता.

“मेलं, दर वेळी या पिल्लानेच का बदलायचं?” ती एकदम म्हणाली.

कोल्हीण शेजारच्या पिंजऱ्यात खायला गेली, तशी ठमी माशाच्या तेलाचा डबा घेऊन आत घुसली. या पिल्लाला फासलं, कोल्हिणीच्या पिल्लांनाही फासलं. निम्मं तेल स्वतःच्याच अंगावर सांडलं.

“अगं, वेड लागलं का तुला?” डॉक्टर नाक दाबून ओरडले.

कोल्हीण परतली. हुंगलं, शिंकली. आपलं कुठलं, परकं कुठलं, काही कळेना. मग वैतागून तिने सगळ्यांनाच चाटायला घेतलं. कान, पाठ, मान. त्या पिल्लाचीसुद्धा. ठमी तिथेच नाचली.

त्या आनंदात ती तशीच घरी गेली. शाली खुंटीवरच राहिल्या. सोफ्याच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसलेल्या दोन्ही आज्या ताडकन उठल्या.

“शी! कुठे लोळून आलीस गं?” दोघी एकदम म्हणाल्या.

एकीने तिला दंडाला धरून न्हाणीघरात ओढलं, दुसरी साबण घेऊन मागोमाग धावली. घासाघाशी सुरू झाली. ठमीला हसू आवरेना.

“अहो विहीणबाई,” बाबांची आई म्हणाली, “तुमच्या बाजूने मान राहिली बघा.”